कोंबडी वाढत नाही? टॉनिक आणायच्या आधी जात, खाणं आणि जागा तपासा

गावाकडे कोंबड्या पाळणाऱ्या कोणाशीही बोला, एक प्रश्न हमखास येतो, की दोन महिने झाले पण पिल्लं अजून मुठीएवढीच आहेत, कुठलं टॉनिक देऊ? आणि विचारायचा अवकाश, दहा जण दहा बाटल्यांची नावं सांगतात. माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की बाटली आणायच्या आधी काटा आणा. आजार सोडला तर वाढ खुंटायची कारणं तीन ठिकाणी सापडतात. एकतर त्या जातीची वाढच तेवढी असते, नाहीतर पोटात जातंय ते कमी पडतंय किंवा चुकीचं आहे, नाहीतर तुमच्या जागेचं ऊन, ओल, पाणी, गर्दी खाल्लेलं अंगी लागू देत नाही. यातलं नेमकं कोणतं ते कळलं तरच पैसे योग्य जागी जातील.

आधी वजन करायला शिका

लहान पिल्लांना किचनमधला ५ किलोचा डिजिटल काटा चालतो, वर एक प्लास्टिकचा डबा ठेवायचा आणि पिल्लू त्यात. मोठ्या पक्ष्याला हुकचा काटा आणि कापडी पिशवी. आठवड्यातला एक वार ठरवा आणि सकाळी खाद्य टाकायच्या आधीच वजन करा, कारण पोट भरल्यावरचं वजन धरलं तर सगळा हिशोब चुकतो. पन्नास पिल्लं असतील तर दहा निवडा, पायात रंगीत रिंग घाला आणि दर वेळी तीच दहा तोला. निवडताना हाताला लागतील ती धरू नका, कारण सुस्त आणि अशक्त पिल्लंच आधी हाताला लागतात, मग सरासरी खोटी येते. कोपऱ्यात पुठ्ठा लावून दहा-पंधरा पिल्लांचा घोळका एकदम वेगळा करा आणि त्यातली सरसकट घ्या.

आता आकडे वाचायचे कसे. समजा सरासरी ५०० ग्रॅम आली आणि दहातली आठ पिल्लं ४५० ते ५५० च्या मध्ये आहेत, तर लॉट एकसारखा आहे. एकसारखा आहे पण सगळाच हलका, तर दोष सगळ्यांना सारखा लागणारा आहे म्हणजे जात, खाद्याची क्वालिटी किंवा शेड. पण काही ५५० ची आणि काही ३०० ची असा फरक असेल तर खाद्य चांगलं असूनही सगळ्यांपर्यंत पोचत नाहीये, फीडर कमी आहेत, दांडगी पिल्लं बाकीच्यांना हाकलतायत, नाहीतर जंत झालेत, किंवा मुळात पिल्लंच मिसळ आलीयेत. एवढं जरी कळलं तरी निम्मं काम झालं.

काट्याबरोबर हातही वापरा. पक्षी डाव्या हातावर घ्या आणि उजव्या हाताचं बोट छातीच्या मधल्या हाडावरून वरून खाली फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर हाड जेमतेम लागतं, उपाशी पक्ष्याचं हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला टोचतं. संध्याकाळी खुराड्यात शिरल्यावर गळ्याखालची पिशवी चाचपून बघा, ती भरलेली आणि मऊसर हवी. रिकामी असेल तर दिवसभर त्या पक्ष्याला पुरेसं मिळालेलं नाही, मग तुम्ही किती टाकलं याला अर्थ नाही.

जात

शेजाऱ्याच्या ब्रॉयलरशी आपल्या गावरानची तुलना करणं हीच सगळ्यात मोठी गफलत असते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत २ किलो होतो. गावरान पिल्लाला किलोभर व्हायला चार-पाच महिने लागतात आणि ते त्याचं नॉर्मलच आहे. कडकनाथही असाच हळू, तोही किलोला यायला तेवढाच वेळ घेतो. वनराज, गिरिराज या सुधारित जाती मधल्या, चांगलं खाद्य दिलं तर साधारण अडीच महिन्यांत सव्वा-दीड किलोपर्यंत जातात. असीलचं उदाहरण तर फार बोलकं आहे, पूर्ण वाढलेला नर ३-४ किलोचा आडदांड होतो पण तिथपर्यंत पोचायला सावकाश वेळ घेतो, म्हणजे मोठी जात आणि झटपट वाढणारी जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकत घेताना "किती मोठा होतो" एवढंच विचारू नका, "किती दिवसांत" हे विचारा.

जातीचा जोर किती असतो हे कॅनडात फार छान तपासलंय. अल्बर्टा विद्यापीठात १९५७ ची, १९७८ ची आणि २००५ ची अशा तीन काळातल्या मांसाच्या जाती एकत्र वाढवल्या, खाद्य तिघांनाही एकच. ५६ दिवसांनी वजनं आली ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात जुनी आणि नवी जात, जुनं आणि नवं खाद्य अशी अदलाबदल करून बघितलं तेव्हा वाढीतल्या फरकाचा ८५ ते ९० टक्के वाटा जातीचा आणि १० ते १५ टक्के खाद्याचा निघाला. पण यावरून कोणी "मग खाद्याचं काय एवढं" असं म्हणू नका, कारण ते प्रयोग नीट शेडमध्ये, संतुलित खाद्यावर झाले होते. तोच ब्रॉयलर अंगणात सोडून उरलंसुरलं खाऊ घाला, त्याचे पाय जातील, उन्हात धाप लागेल आणि वाढ तर राहूच द्या, जगायची मारामार होईल. म्हणून तुम्ही कुठे आणि कसं पाळणार हे आधी, जात नंतर. परसात सोडायच्या असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या वनराज, ग्रामप्रिया यांच्यासारख्या जाती किंवा खात्रीचं गावरान. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यासाठी, तिच्याकडून मांसाची अपेक्षा ठेवू नका.

कडकनाथला २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या नावाने जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि मागणी वाढल्यावर क्रॉस म्हणजे मिश्र जातीची पिल्लंही त्याच भावात विकली जायला लागली. क्रॉस पिल्लांतही काळेपणा उतरतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका, पिल्लं देणाऱ्याचे आईबाप पक्षी बघून मगच घ्या.

अजून एक गोष्ट लोकांना कोणी सांगतच नाही. वनराज-गिरिराज हे संकरित पक्षी आहेत, त्यांची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवून पिल्लं निघतात खरी, पण ती आईबापासारखी निघत नाहीत, एक मोठं, एक किरकोळ, वाढीचा काही मेळ नाही. अशी अंडी खायला ठेवा आणि पिल्लं दर वेळी हॅचरीतून किंवा सरकारी अंडी उबवणी केंद्रातून आणा.

गावरानमध्ये मात्र घरच्या घरी जात सुधारता येते, आणि तिथेच आपण उलटं करतो. आखाडात भाव चढतो, व्यापारी दारात येतो, कळपातला सगळ्यात रुबाबदार कोंबडा उचलून नेतो आणि मागे राहिलेला किरकोळ कोंबडा पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप होतो. असं वर्षानुवर्षं चाललं की कळपच बारीक होत जातो आणि मग म्हणतात पूर्वीसारख्या कोंबड्या राहिल्या नाहीत. तेव्हा वजनाच्या वहीत जो नर सगळ्यात पुढे आहे त्याला विकू नका, कितीही भाव येऊ दे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. आणि तोच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर तो आपल्याच लेकींना लागतो, रक्त जवळचं होतं, पिल्लं कमी निघतात, अशक्त निघतात. दीड-दोन वर्षांनी लांबच्या गावातल्या कोणाशी तरी कोंबड्याची अदलाबदल करा, खर्च काहीच नाही. आल्यावर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा म्हणजे बाहेरचा रोग कळपात येणार नाही.

उबवायला अंडीही निवडून ठेवा. पिल्लाचं जन्माचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश असतं, ४० ग्रॅमच्या अंड्यातून २६-२७ ग्रॅमचं पिल्लू. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगीची बारकी अंडी खुडुकीखाली ठेवली तर सुरुवातच मागून होते.

खाणं

इथे जास्त वेळ द्या कारण सत्तर टक्क्यांच्या आसपास खर्च खाद्यावरच होतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच.

मका, ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी यातून ताकद मिळते, अंग भरत नाही. मक्यात प्रोटीन ८-९ टक्के, आणि लहान पिल्लाला लागतं २० टक्क्यांच्या पुढे, ब्रॉयलरला पहिल्या दिवसांत २२-२३. नुसती कणी खाऊन पिल्लू पोट भरेल, टुणटुण उड्या मारेल, पण पिसं विरळ राहतील आणि पाय काडीसारखे. दोन महिने मुठीएवढी राहिलेली पिल्लं बघितली तर बहुतेक घरी हीच गोष्ट असते. पहिले सहा ते आठ आठवडे तरी पिल्लांना तयार स्टार्टर म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य द्या, गावरान असली तरी द्या. नंतर प्रोटीन १६ टक्क्यांपर्यंत उतरवलं तरी चालतं आणि मोकळी सोडता येतात.

घरी मिक्स करायचं असेल तर १०० किलोला मक्याचा भरडा ५५, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) ३० आणि राईस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) ११ किलो घ्या. उरलेल्या ४ किलोत डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), चुनखडी, व्हिटॅमिन-मिनरल मिक्श्चर (पाकिटावर लिहिलंय तेवढंच), थोडं मिथिओनिन (प्रोटीनचा एक घटक) आणि मीठ, मीठ ३००-४०० ग्रॅमच्या वर नाही. हे साधारण २० टक्क्यांच्या जवळ जातं. मिथिओनिन लिहिलंय ते गाळू नका, सोयामध्ये ते कमी असतं आणि पिसं आणि मांस दोन्हीला तेच अडतं.

आता एक फार महत्त्वाचं, लातूर, वाशिम, अमरावतीकडच्या लोकांनी नीट वाचा. घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चंच भरडून घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने मोडतो. कच्चं घातलं तर स्वादुपिंड सुजतं, विष्ठा पातळ होते आणि पिल्लू खाऊनही वाळतं. घरचंच वापरायचं तर नीट भाजून, नाहीतर डीओसी विकत घ्या. तसंच सरकी पेंडीचं. म्हशीला चालते म्हणून कोंबडीला चालत नाही, त्यातलं गॉसिपॉल वाढ मारतं आणि अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. शेंगदाणा पेंड चांगली, पण तिला आणि मक्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, आधी रोगच कळेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी निघाली आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. कमी प्रमाणात असलं तर पक्षी मरत नाही, नुसता वाढत नाही आणि लस दिली तरी ती नीट लागत नाही, म्हणून ते जास्त फसवं. मका घेताना मूठभर दाणे दाताखाली फोडून बघा, कडक आवाज आला पाहिजे, वास कुबट नको, दाण्याच्या टोकाला हिरवी-काळी झाक नको. पाखडून स्वच्छ करून देऊ असं म्हणू नका, विष दाण्याच्या आत असतं.

अॅझोलाबद्दल स्पष्ट बोलतो. वाळवलेल्या अॅझोलात प्रोटीन २०-२५ टक्के असतं हे खरं, पण ओल्या अॅझोलात ९० टक्क्यांच्या वर पाणी आहे, म्हणजे १०० ग्रॅम ओल्या अॅझोलातून प्रोटीन मिळतं दीड ग्रॅमच्या आसपास. हिरवा चारा म्हणून जरूर द्या, त्याने खाद्य बंद होईल या आशेवर राहू नका. त्यापेक्षा जुन्या लोकांची वाळवीची पद्धत मला आवडते, मडक्यात शेण, पाचोळा, गोणपाटाचे तुकडे ओले करून भरायचे, वारुळाजवळ संध्याकाळी पालथं ठेवायचं आणि सकाळी पिल्लांपुढे झटकायचं. पिल्लं कशी तुटून पडतात ते बघाच एकदा. कोकणात सुक्या मासळीचा चुरा मिळतो, तोही उत्तम, फक्त खारवलेली मासळी असेल तर जपून, आणि विक्रीच्या आधीचे दोन आठवडे बंद करा नाहीतर मटणाला आणि अंड्याला वास येतो.

पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, उन्हाळ्यात त्याहून खूप जास्त. भांड्यात पाणी संपलं की त्याच क्षणापासून खाणंही कमी होतं, याकडे लोक बघतच नाहीत.

जागा

पहिला आठवडा उबेचा. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश लागतं आणि दर आठवड्याला साधारण ३ अंशाने उतरवायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली ढीग करून चिवचिवाट केला तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोची उघडून बसली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून खातायत तर ठीक. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, तिथे रात्री गारठलेलं पिल्लू खायला उठतच नाही, जे खातं ते ऊब राखण्यात जातं. पडदे लावा पण वरून हातभर फट ठेवा, नाहीतर अमोनिया कोंडतो.

विदर्भ-खानदेशात उलटं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते, आणि ३२ च्या पुढे गेलं की खाणं कमी करते. पारा ४५ ला असताना कितीही भारी खाद्य टाका, दुपारी कोणी तोंड लावणार नाही, आणि लावलं तर पचवताना अंगातली उष्णता अजून वाढते. म्हणून पहाटे पाचला खाद्य द्या, नऊ-दहाला फीडर उचला, परत ऊन उतरल्यावर. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत घुसत नाही, आधीच उत्तर-दक्षिण बांधून झालं असेल तर पश्चिमेला शेडनेट आणि शेवग्याची रांग. पत्र्यावर पाचट किंवा चुन्याचा हात, टाकी सावलीत. अशा भागात नेकेड नेक म्हणजे उघड्या मानेच्या कोंबड्या जास्त तग धरतात, पिसं कमी असल्याने उष्णता बाहेर पडते. दिसायला बऱ्या नाहीत म्हणून लोक घेत नाहीत, पण जात आणि जागा जुळणं म्हणजे काय ते या कोंबडीकडे बघून कळतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात त्रास ओलीचा. शेडमध्ये अंथरलेलं तूस मुठीत दाबून बघा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, लगेच वरखाली करा किंवा बदला. मग पक्ष्यांच्या उंचीला खाली बसून दोन मिनिटं श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर पिल्लं चोवीस तास तेच ओढतायत. ओल्या तुसात रक्ती हगवण येते आणि तिच्यातून वाचलेलं पिल्लू आतडं खराब झाल्याने बरेच दिवस मागेच राहतं. खाद्य पंधरा दिवसांचंच आणा, पोती फळीवर, भिंतीपासून लांब.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं असतं. पक्षी जास्त पितात, हगवण पातळ, तूस ओलं, वाढ कमी. पाण्याची तपासणी करून घ्या, पावसाचं साठवलेलं पाणी निदान पहिला महिना द्या, आणि खाद्यातलं मीठ कमी करा.

परसातल्या कोंबड्यांचं अजून एक. अंगणात, उकिरड्यावर, बांधावर फुकट मिळणारं खाणं ठरावीकच असतं. दहा कोंबड्या त्यावर छान वाढतात, त्याच जागेत चाळीस केल्या की सगळ्याच हडकतात आणि माणूस म्हणतो रोग आला. कळप वाढवायचा तर खाद्यही वाढवा. ऋतूही बघा, पावसाळ्यात किडे-गांडुळं भरपूर, तेव्हा मूठभर धान्य पुरतं, सुगीत धान्य सांडलेलं असतं तेव्हा पेंड द्या, आणि उन्हाळ्यात दोन्ही द्यावं लागतं.

बदकं पाळत असाल तर त्यांना नायासिन हे व्हिटॅमिन कोंबडीपेक्षा जास्त लागतं, कोंबडीच्याच खाद्यावर पाय वाकडे पडू शकतात, यीस्ट मिसळा. शिवाय बदकांना खाद्यातल्या बुरशीचं विष कोंबडीपेक्षा लवकर बाधतं. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्क्यांपर्यंत प्रोटीन लागतं.

नक्की काय अडलंय हे ठरवायचं असेल तर

सगळं बघूनही संशय राहिला तर मागे राहिलेली दहा-बारा पिल्लं वेगळी काढा, डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या, ऐसपैस जागा, स्वच्छ पाणी आणि दोन आठवडे चांगलं स्टार्टर. दर आठवड्याला तोला. उसळी मारून वाढली तर आधीचं खाद्य कमी पडत होतं, नाहीतर जंत किंवा गर्दी नडत होती. वाढली नाहीत आणि त्याच लॉटमधली बाकीची पिल्लंही तशीच असतील तर जातीची मर्यादा समजा. आणि फक्त उन्हाच्या लाटेच्या किंवा झडीच्या आठवड्यातच वहीतले आकडे अडकलेले दिसले तर शेडवर पैसे घाला, खाद्य बदलू नका. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात झालीय ना हे मात्र सगळ्यात आधी बघा.

हीच वही विक्रीलाही कामाला येते. दर आठवड्याला किती ग्रॅम वाढला आणि किती रुपयांचं खाल्लं हे शेजारी शेजारी लिहा. गावरान नराची वाढ पाच महिन्यांनंतर फार मंदावते, ज्या आठवड्यात वाढलेल्या वजनाचा भाव खाद्याच्या खर्चाखाली गेला त्या आठवड्यात तो विकायचा, फक्त जो नर पैदाशीसाठी राखलाय तो सोडून.